मोठी माय गेली, उंबरठ्यावर एक बोट वाढलं

आमची मोठी माय, म्हणजे आजी, माघात गेली. गाव अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, पितरांच्या नावानं विस्तवावर घास टाकला, म्हणजे आगारी टाकली. मग आई गेलेल्या एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवू लागली. मोठ्या मायचं बोट लावताना तिचा हात थांबला. गेल्या वर्षापर्यंत ही बोटं मोठी मायच लावायची, सासऱ्याच्या आजीपर्यंतची नावं घेऊन. आईला तेवढी आठवेनात. आम्ही कुणी ती कधी लिहून घेतली नव्हती.

तेव्हापासून चैन नाही. तुम्ही आजीला माय म्हणा, जिजी म्हणा, बोय म्हणा. तिचं काय तुमच्यापाशी राहिलं आणि काय निसटलं, ते सांगा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

यावल तालुक्यातली नात, आता पुण्यात
आमच्याकडे थंडी पडली की भरीत. बामणोदची वांगी. आजी प्रत्येक वांगं तळहातावर तोलायची. आकारानं मोठं पण वजनाला हलकं तेच घ्यायचं, जड असलं की आत बियाच. भाजायला पऱ्हाट्यांचाच, कापसाच्या वाळक्या काड्यांचाच जाळ. मग बडगीत, लाकडी भांड्यात, ठेचायचं, भरपूर कांद्याची पात. ती गेल्यावर मी फक्त बडगी मागून घेतली. फ्लॅटमध्ये पहिल्यांदा ठेचलं तर खालच्या मजल्यावरच्या काकू आवाज कसला म्हणून बघायला आल्या. त्यांना जेवायला बसवलं.

शेंदुर्णीचा नातू
आजीचं माहेर वरखेडी, सासर शेंदुर्णी. दोन्ही पाचोरा–जामनेरच्या छोट्या गाडीवर, ‘पी.जे.’वर. ५६ किलोमीटरचा तो रूळ म्हणजे तिचं अर्धं आयुष्य. पी.जे.चा भोंगा ऐकून ती भाकरी थापायला घ्यायची. मार्च २०२० मध्ये गाडी थांबली, त्याच श्रावणात आजी गेली. मी नाशिकला अडकलो होतो, तिचा दहावा मोबाइलवर पाहिला. याबद्दल अजून घरात कुणाशी बोललेलो नाही.

धुळ्याहून, एक नात
कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं लिहिते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांत देवीच्या नैवेद्याचे रोट होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, तशीच चण्याची डाळ. बाळ आठ दिवसांचं असलं तरी त्याची मूठ निघते. आम्हा पोरींची नाही. आम्ही परक्या घरच्या. मी नऊ वर्षांची असताना जिजीला विचारलं, माझी मूठ कुठाय? तिनं काही न बोलता सुपात आणखी एक मूठ टाकली. थोरल्या काकांनी हटकलं, तर म्हणाली, "ही बी आपलीच शे." एवढंच. पुढं दरवर्षी माझी मूठ निघाली, लग्नानंतरही. जिजीचे हात लहान होते, काकूचे मोठे, म्हणून ती गेल्यावर पहिल्या वर्षी पीठ जास्त झालं. रोट मंगळवार उलटला तरी संपेनात. खाताना मी आणि काकू दोघी रडलो. आता मूठ काकू काढते, आणि माझ्या मुलीचीही काढते.

शिरपूरकडून
माझी आजी मायाळू नव्हती, हे लिहिलेलं चालेल ना? तिशीच्या आत विधवा झाली, सहा एकर कोरडवाहू, दिरांशी वाद. कापसाची गाडी भरली की ती स्वतः काट्यावर उभी राहायची, काटा स्थिर होईपर्यंत हलायची नाही. माझ्या आईला तिनं फार सोसायला लावलं. ती शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा महिने आईनंच सगळं केलं. आखाजीला तिचं बोट आईच लावते, नाव घेताना पदर डोक्यावर घेते. मी आजीला पूर्ण माफ केलेलं नाही. पण आमची सहा एकर अजून सहाच आहेत, ती तिच्यामुळे.

चाळीसगावचा, नोकरीनिमित्त बंगळुरूला
"जेवना का रे? काय खादं?" आजीचा एवढाच अकरा सेकंदांचा आवाज आहे माझ्याकडे. होस्टेलात मित्रांसमोर तिचा फोन आला की मी अहिराणीत उत्तर द्यायचो नाही. तिला ते कळत होतं. मग तीही माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायला लागली, अडखळत. त्याची लाज आज वाटते, आणि फार वाटते.

धागा काढणारा
सगळं वाचलं. काल पारोळ्याच्या आत्याला फोन लावला, वही घेऊन बसलो. तिनं चार नावं सांगितली, पाचव्याला अडली. म्हणाली, "थांब रे भाऊ, आठवस माले." रात्री साडेदहाला तिचा परत फोन आला.