मदत हवी आहे: मामंजींच्या गळ्यात ट्यूब, घरी सक्शन कसं करावं?

रेणापूरची सून

सासऱ्यांना (वय ६४) पक्षाघात झाला. लातूरला आयसीयूत आधी तोंडातून ट्यूब होती, मग व्हेंटिलेटर लांबणार म्हणून गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी केली. आता व्हेंटिलेटर सुटलंय, घरी आणलंय. माणूस शुद्धीवर आहे, खुणांनी सगळं सांगतात. ८ नंबरची प्लास्टिकची कफवाली ट्यूब आहे (कफ म्हणजे ट्यूबभोवती श्वासनलिकेत फुगवलेला फुगा, बेडका नव्हे), बाहेर छोटा फुगा लोंबतो. नाकातून पोटात नळी, जेवण तिच्यातूनच.

सुट्टी देताना सक्शन, म्हणजे मशीनच्या नळीनं ट्यूबमधला बेडका ओढून काढणं, घाईघाईत दाखवलं. नळी किती आत घालायची? सासूबाई म्हणतात खोकला आला की लगेच कर, नणंद म्हणते दर दोन तासांनी. बेडका गोंदासारखा चिकट येतोय, आणि इथं एप्रिलचं ऊन म्हणजे विचारू नका, कूलर दिवसभर चालू. गावातली डीपी जळाली तर मशीन बंद, मग काय करायचं?

शेजारचे एकजण म्हणतात, ट्यूबच्या तोंडाला बूच लावा, बोलायला लागतील. लावू का? आणि मेडिकलवर तोंडात घालायचा वाकडा एअरवे मिळतो, तो आणून ठेवावा का?

नाईट ड्युटी

ताई, बूच अजिबात लावू नका. कफ फुगलेला असताना हवेला दुसरी वाटच नसते, बूच लावलं की श्वास बंद. ट्यूबच्या तोंडाला लावायच्या बोलायच्या एकेरी व्हॉल्व्हचंही तसंच: हवा आत जाते, बाहेर येत नाही. आधी ईएनटी डॉक्टर गिळणं तपासतील, कफ रिकामा करतील, मग तो विषय. शेजाऱ्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

सक्शन घड्याळ बघून नको. छातीत गुरगुर झाली, धाप लागली, ऑक्सिजन उतरला की करा. कॅथेटर (सक्शनची नळी) ट्यूबच्या लांबीपेक्षा जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर पुढं जावं. तेवढ्याच मापाची जादा ट्यूब शेजारी धरून कॅथेटरवर खूण करून घ्या. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढतानाच चालू, सगळं मिळून १० ते १५ सेकंदांत. ८ च्या ट्यूबला १२ नंबरचं कॅथेटर, त्याहून जाड नको.

चिकट बेडका म्हणजे आतली हवा कोरडी पडतेय. नाक वापरात नाही, त्यामुळं हवा ओली करायला काहीच नाही. ट्यूबला लावायचा, श्वासातली ओल धरून ठेवणारा एचएमई फिल्टर मिळतो. सलाइनचं नेब्युलायझेशन डॉक्टरांना विचारून. कूलरचा झोत गळ्यावर नको. तुमच्या ट्यूबला आतली वेगळी नळी नसेल, तर काढून धुता येत नाही, म्हणून हे जास्त सांभाळा. कॅथेटर आत जाईना आणि धाप लागली तर ट्यूब तुंबली समजा आणि १०८ ला फोन. गाडी आली की आधी सांगा, श्वास गळ्यातून आहे, ऑक्सिजन गळ्यावर धरा. उशाशी त्याच नंबरची आणि एक नंबर लहान अशा दोन ट्यूब, शिवाय अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हवीच.

वाकडा एअरवे बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडू नये म्हणून असतो. शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात घातला तर उलटी होते. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

लाईटसाठी पायानं चालणारं सक्शन मशीन मिळतं, बॅटरीवालंही.

रेणापूरची सून

दवाखान्यातून १४ नंबरची कॅथेटरं दिलीत, उद्याच बदलून आणते. पायाचं मशीन लातुरात भाड्यानं मिळतं का, कुणाला माहीत आहे?