संशयाला पुरावे द्यायचे तरी किती? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

१४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालावरून आमच्या भिशीत परवा जोरदार वाद झाला. भटिंड्याच्या एका नवऱ्याने बायकोशी फोनवर झालेली बोलणी तिच्या नकळत रेकॉर्ड करून घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून दिली होती. २०२१ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो पुरावा नाकारला, बायकोच्या खासगीपणावर घाला म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. भिशीतल्या निम्म्या जणी म्हणाल्या, "बरं झालं, आता आपणही नवऱ्याचे फोन बिनधास्त तपासू." मी तिथे काही बोलले नाही. इथे लिहिते, कारण हा फोन तपासायचा खेळ मी दोन वर्षं खेळले आहे.

माझा नवरा औषध कंपनीत एमआर, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी आहे. नाशिक, मालेगाव, धुळे असा त्याचा फिरतीचा पट्टा. एका रात्री फोन आला आणि तो गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलला. कोण होतं विचारलं तर "ऑफिसचं" म्हणाला. (तो त्याच्या धाकट्या भावाचा फोन होता. भावाने उसने पैसे मागितले होते आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं. हे मला फार उशिरा समजलं.) त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात किडा शिरला.

गाडी माझ्या नावावर, त्यामुळे फास्टॅगचे मेसेज माझ्याच मोबाइलवर येतात. मी त्या वेळा लिहून ठेवायला लागले. लळिंग टोल ५:१०, चांदवड टोल ७:५०. दीड तासाच्या रस्त्याला जवळजवळ पावणेतीन तास का लागले? तो म्हणायचा, मालेगावात एका केमिस्टकडे थांबलो. मी म्हणायचे, एवढा वेळ? मग तो बिचारा स्वतःहून फोटो पाठवायला लागला. पेट्रोल पंपाचा, दवाखान्याच्या पाटीचा, चहाच्या टपरीचा. पहिले आठ-दहा दिवस मला बरं वाटलं. मग एका फोटोत टेबलावर चहाचे दोन ग्लास दिसले. दुसरा कोणाचा? तो स्टॉकिस्टचा होता. पण मी फोटो मोठा करकरून ग्लासाच्या काठावर लिपस्टिक दिसतेय का ते शोधत बसले होते.

शेवटी जे झालं ते सांगते. एकदा संध्याकाळी गॅलरीतून खाली पाहिलं तर गाडी पार्किंगमध्ये लागलेली, आतला दिवा चालू आणि तो उतरतच नव्हता. दहा-बारा मिनिटं झाली. मी खाली गेले. तो एका औषधाच्या पाकिटामागे दिवसभराच्या वेळा लिहीत होता. कुठून किती वाजता निघालो, कुठे किती थांबलो. वर आल्यावर मी विचारेन तेव्हा चुकायला नको म्हणून. माझा नवरा स्वतःच्या घरात यायच्या आधी जबानी तयार करत होता.

एके काळी हाच माणूस जेवताना दिवसभराचं सगळं सांगायचा. कोणत्या डॉक्टरने दोन तास बसवून ठेवलं, केळीचा ट्रक कसा उलटला, राहुड घाटात पाऊस कसा लागला. ते सगळं बंद झालं होतं आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. गोष्टीत एक नवीन नाव आलं की त्यावर माझे चार प्रश्न. मग त्याने नावंच गाळली, आणि नावं गाळल्यावर गोष्टीत काय उरणार? "काय नवीन?" "काही नाही." एवढंच आमचं जेवण.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. मनात शंका आली तर समोर बसून एकदा विचारा, भांडा, रडा. पण पुरावे गोळा करू नका. फोन, लोकेशन, टोलच्या वेळा, यातलं काहीही नको. शंभर पुरावे दिले तरी एकशे एकावा मागावासा वाटतो, आणि तो देता देता समोरचा माणूस आपल्यापासून तुटतो. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ

ताई, तुमचा नवरा निर्दोष निघाला म्हणून तुम्ही हे लिहू शकता. माझा नव्हता.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तो नोकरीसाठी पुण्याकडे, मी सासू-सासऱ्यांजवळ गावी. काहीतरी बदललंय हे मला वर्षभर आधी जाणवलं होतं. सुट्टीत घरी आला की मोबाइल पालथा ठेवणार, आंघोळीलाही बरोबर नेणार. मी समोर बसून विचारलं, तुम्ही म्हणता तसंच, एकदा नाही दहादा. दर वेळी एकच उत्तर: "तू संशयी आहेस, तुझ्या डोक्याचा इलाज कर." सासूबाई म्हणाल्या, पुरुष माणूस बाहेर राहतो, त्याच्या मागे किती लागशील. माझी आईसुद्धा म्हणाली, मन मोठं कर. शेवटी मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी बिघडलंय. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या.

एका दिवाळीत त्याच्या फोनवरून आमचं विजेचं बिल भरायला घेतलं, तर ॲपमध्ये आधी भरलेल्या बिलांत दुसराच एक ग्राहक क्रमांक. दर महिन्याला भरलेला, चौदा महिने. तो क्रमांक ज्या खोलीचा होता ती आमची नव्हती. ते बिल पाहून मी रडले नाही. मला आधी काय वाटलं असेल तर हे, की मी वेडी नाही.

तुम्ही म्हणता संशयाने प्रेम झिजतं. माझ्या घरात प्रेम आधीच झिजवलं गेलं होतं, संशय नंतर आला. जी बाई खरंच फसवली जातेय तिला "पुरावे गोळा करू नकोस" सांगणं म्हणजे तिच्या हातातली काठी काढून घेणं आहे. तुमचा धागा वाचून अशी एखादी गप्प बसेल, म्हणून हे लिहिलं.

घाटमाथा

दोन्ही ताईंच्या अनुभवांबद्दल आदर आहे, पण नवरा-बायकोत थोडी जळजळ असावीच असं माझं मत. मी लग्नसमारंभात कुणाशी हसून बोललो की बायको घरी येऊन दोन दिवस तिरकं बोलते, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. जिथे काहीच वाटत नाही तिथे प्रेम तरी कुठे असतं? आमचे दोघांचे पासवर्ड एकमेकांना माहीत आहेत, लोकेशन कायम चालू असतं. लपवायचंच नसेल तर अडचण कसली? चोराच्या मनात चांदणं.

रातराणी

घाटमाथा दादा, "थोडी" म्हणजे किती, ते ठरवायचं कोणी? आमच्याकडे ते नेहमी त्यानेच ठरवलं.

मी हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहे. संध्याकाळची पाळी सुटली की एक सहकारी मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडायचा, त्याचं घर आमच्या पुढेच. नवऱ्याने पहिल्यांदा चेष्टा केली. मग रोज विचारायला लागला, आज किती वाजता निघालात, गाडीवर किती अंतर ठेवून बसतेस. मी काय केलं माहीत आहे? सहकाऱ्याला अलीकडच्या चौकात थांबायला सांगायला लागले. तिथून पायी यायचे. जुलैच्या पावसात, रात्री साडेअकराला, एकटी, आणि घरात शिरताना सांगायचे की रिक्षाने आले. माझ्या मनात पापाचा लवलेश नसताना मी खोटं बोलायला शिकले. तुमची ती म्हण इथे उलटी झाली. चोरी झालीच नव्हती, पण संशयाने मला चोरासारखं वागायला लावलं. आणि ज्या दिवशी त्याला चौकाचं कळलं, त्या दिवशी त्याच्या दृष्टीने सगळं सिद्धच झालं.

दुसरं म्हणजे, बाईचा संशय आणि पुरुषाचा संशय एका तागडीत तोलू नका. उंबरठा ताईंनी संशय घेतला तेव्हा नवरा गप्प झाला. माझ्या नवऱ्याने घेतला तेव्हा माझी नोकरी सुटली. माहूरला आपण रेणुकेपुढे डोकं टेकवतो. तिची कथा काय आहे? रोज कच्च्या मातीची घागर तिच्या हातून आपोआप घडायची. एक दिवस नदीवर गंधर्व दिसला, क्षणभर मन हललं, आणि घागर घडली नाही. तेवढ्यावरून जमदग्नींनी मुलाकडून तिचं मस्तक उडवलं. लहानपणी आजी ही कथा सांगायची तेव्हा मला परशुरामाच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक वाटायचं. आता घागर न घेता परतणारी ती बाईच दिसते. घरी आपल्याला काय विचारलं जाणार, हे तिला वाटेतच कळलं असेल.

काळा कोट

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून निकालाबद्दल दोन गोष्टी. पती-पत्नीतलं खासगी बोलणं कोर्टात उघड करता येत नाही, पण खटला त्या दोघांमधलाच असेल तर ते बंधन नाही, हा अपवाद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ मध्येच होता. न्यायालयाने त्याच्या आधारे पुरावा ग्राह्य धरला. याचा अर्थ पाळत ठेवायला परवाना मिळाला असा नाही. त्याच निकालात म्हटलंय की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे. म्हणजे या मुद्द्यावर न्यायालय सरळरेघ ताईंच्या जवळ आहे. आणि समोरच्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं, गुपचूप ॲप टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, लग्न झालेलं असलं तरी.

दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ हे २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द झालं. तो आता गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण आजही आहे. तसंच २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की बायकोच्या चारित्र्यावर खोटे आरोप लेखी जबाबात करणं हीच क्रूरता आहे. रातराणी ताई, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या नियमांत घटनेच्या अहवालाचा जो नमुना दिलाय, त्यात चारित्र्यावर शिंतोडे उडवणं हे शाब्दिक आणि भावनिक छळात मोडतं. तुम्ही सोसलंत त्याला कायद्यात नाव आहे.

माझ्यासमोर रोज जोडपी बसतात. एक जण मोबाइलमधले दोन-दोन हजार स्क्रीनशॉट घेऊन येतो. मी विचारते, तुम्हाला काय हवंय? त्याला सांगता येत नाही.

तालुक्याचा डॉक्टर

एक गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. काही वेळा संशय हा स्वभाव नसतो, आजार असतो. पक्का भ्रम. अशा रुग्णाला बायको निर्दोष असल्याचा कितीही पुरावा दाखवा, तो त्यातूनच नवा आरोप काढतो. उंबरठा ताईंचा दुसरा ग्लास आठवा, फक्त तो ताईंना स्वतःला नंतर खटकला. आजारी माणसाला खटकत नाही. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत हे मी पुष्कळ पाहतो. उतारवयात, स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला, चाळीस वर्षांच्या संसारानंतर आजोबा अचानक आजीवर संशय घेऊ लागतात, तेही पाहिलंय. घरचे शपथा घेतात, देवळात नेतात, आणि त्यात वर्ष निघून जातं. यावर औषधं आहेत, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आणि संशयासोबत मारहाण किंवा जीव घेण्याची भाषा असेल तर समजूत काढत बसू नका. आधी त्या बाईने सुरक्षित ठिकाणी जावं. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

सरळरेघ

रातराणी ताई, तुमचं वाचून माझाही नवरा आठवला. त्याचे उद्योग चालू असताना तोच माझ्यावर पाळत ठेवायचा, दुकानात कोणाशी बोललीस म्हणून. उंबरठा ताई, माझ्या मतावर मी ठाम आहे. मला ते बिल दिसलं नसतं तर आजही गोळ्या घेत असते. पण एक मान्य करते. बिल मला एकदाच पाहावं लागलं. मिळाल्यावर मी थांबले. तुम्हाला थांबता येत नव्हतं, कारण शोधायला काही नव्हतंच.

एक विचारू? तो आता बोलतो का?

उंबरठा

सरळरेघ ताई, तुमचं बरोबर आहे, आणि मी माझं वाक्य दुरुस्त करते. ज्या घरात विचारलं तर "तूच वेडी" असं उत्तर मिळतं, तिथे माझा सल्ला लागू नाही. माझ्या घरी मी समोर बसून नीट विचारलं असतं तर भावाचं उसनं त्याच रात्री कळलं असतं. मी तसं विचारलंच नाही, थेट मोजायला लागले.

बोलतो का? पूर्वीसारखा नाही अजून. फास्टॅगचा मोबाइल नंबर बदलून त्याचा टाकला, त्याला आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, मालेगावपर्यंत दुसऱ्या कंपनीची एक एमआर गाडीत होती, तिची बस चुकली होती. एवढं बोलून तो थांबला आणि त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. घास हातातच होता. माझ्या छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू. मी त्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढली आणि म्हटलं, "मग?"

मग त्याने सांगितलं. तिची मुलगी दहावीला आहे म्हणे, गणिताला घाबरते.