मदत हवी: व्हिटॅमिन डी३ ११ आलंय, पोटातल्या बाळाच्या दातांचं काय?

नाशिककर_आई: रिपोर्टमध्ये डी३ ११ आलंय. डॉक्टरांनी डी३ ची साठ हजार युनिटची पुडी दिलीये, आठवड्यातून एकदा दुधातून. सासूबाई म्हणतात उष्ण पडेल, घेऊ नकोस. मोठीच्या दाढांचं झालं ते या बाळाचं व्हायला नको. आता घेऊन फायदा आहे की उशीर झाला? प्लीज लवकर सांगा, रात्री पहिली पुडी घ्यायचीये.

मीनल७: कितवा महिना? मोठीच्या दाढांना नेमकं काय झालं?

लंडनची_अस्मि: ११?? आमच्याकडे २५ च्या खालीच कमतरता धरतात! डॉक्टर बदला ताई.

लॅबवाला: अहो, तुमचं युनिट वेगळं. इथे नॅनोग्रॅममध्ये मोजतात, तुमच्याकडे नॅनोमोलमध्ये. अडीचने गुणा, ताईंचं साधारण २७ येतं. कमीच आहे, इथे २० च्या खाली कमतरता. पण घाबरवू नका.

सूर्योपासक: पुड्या कशाला? सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसा. आमच्या आईने तेच केलं, आम्हा भावंडांचे दात अजून ठणठणीत आहेत.

मीनल७: दादा, कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. ते भर दुपारच्या उन्हात, आणि तेही काचेआडून नाही. पोटुशीला तिथे बसवणार?

सूर्योपासक: शेतावरच्या बायका काय करतात मग?

ओवीची_मम्मा: दात येताना माझी फार किरकिर करायची. ओला रुमाल फ्रीजमध्ये गार करून चावायला द्यायचे. खूप फरक पडला.

नाशिककर_आई: दात येण्याचं नाही विचारलं हो. २१वा आठवडा चालू आहे. मोठी साडेचार वर्षांची. मागच्या दाढा आल्या तेव्हापासूनच पिवळट, खडबडीत. ब्रश लागला की रडते. परवा पोळी चावताना एकीचा टवकाच उडाला.

शुभाकाकू: रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं असेल. कीडच ती.

दंतवैद्य_मृ: काकू, त्या ‘आल्या तेव्हापासूनच’ म्हणतायत. कीड नंतर लागते. हे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, घडतानाच कच्चं राहिल्यासारखं वाटतंय, अर्थात दाढ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि त्याला डी हे एकच कारण नसतं, अपुऱ्या दिवसांचं बाळ, आजारपण, बरंच काही असतं. मोठीला आधी दाखवा, दुखतंय तिला.

उशीर मुळीच झालेला नाही. मागच्या दुधाच्या दाढांचं इनॅमल पाचव्या महिन्याच्या आसपास धरायला लागतं, बाळ दहा-अकरा महिन्यांचं होईपर्यंत चालतं. कायमच्या पहिल्या दाढांचं तर जन्माच्या सुमारास सुरू होतं. डेन्मार्कमध्ये गरोदर बायकांच्या एका गटाला २४व्या आठवड्यापासून रोज डीचे २८०० युनिट दिले, दुसऱ्याला ४००. मुलं सहा वर्षांची झाल्यावर कायमच्या दातांत इनॅमलचे दोष पहिल्या गटात १५.१ टक्के मुलांना, दुसऱ्यात २७.५. किडीत मात्र फरक नव्हता, म्हणून बाटलीबद्दल काकूंचं म्हणणं सोडू नका.

पुडी उष्णबिष्ण नसते. पण मनाने वाढवायची नाही, अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. किती आठवडे घ्यायची आणि नंतर रोजचं काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नाशिककर_आई: कॅल्शियमच्या गोळीवरही डी३ २५० लिहिलंय, दोनदा घेते. चालेल ना?

दंतवैद्य_मृ: ती मात्रा लहान आहे, पण पाकीट डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका.

शुभाकाकू: बाळ झाल्यावर त्यालाही वर्षभर रोज ४०० चे थेंब देतात, आमच्या नातवाला दिले.

ओवीची_मम्मा: कुठले थेंब काकू? ओवीला कोणी सांगितलेच नाहीत.