बर्फ कधीच न बघितलेल्या पोरीला बर्फाची चित्रपुस्तकं कशी वाचून दाखवायची?

झोपाळू_आई:

लेक साडेतीन वर्षांची. आम्ही राहतो तिथे बर्फ पडत नाही, तिने तो फक्त फ्रीजरच्या ट्रेमधे पाहिलाय. तर झालं असं की लायब्ररीतून थंडीच्या दिवसांचं एक चित्रपुस्तक आणलं, पहिल्याच पानावर छपरं, झाडं, रस्ते सगळं पांढरंफटक, मी मोठ्या उत्साहात म्हटलं "बघ, किती बर्फ पडलाय", तर तिने पान नीट निरखलं आणि विचारलं, "एवढा बर्फ ट्रेमधून कोणी काढला?" मग मी सांगायला लागले की तो बर्फ वेगळा, हा वेगळा, हा आभाळातून पडतो, तर म्हणे मग डोक्याला लागत नाही का. आता तिने एकदा गारा बघितल्यात, त्यामुळे तिचं काही चुकलं असंही नाही.

मला तर वाटायला लागलंय की अर्धी भानगड आपल्या भाषेचीच आहे. कडक, काचेसारखा तो पण बर्फ आणि भुसभुशीत पांढरा तो पण बर्फच. हिम म्हणावं तर घरात बोलताना कोण हिम म्हणतं. स्नोमॅनला मी त्या भरात हिममानव म्हणून बसले तर नवऱ्याने आतल्या खोलीतून ओरडून विचारलं, गोष्टीत यती कुठून आला म्हणून.

तर प्रश्न दोन. एक, या वयाला चालतील अशी कुठली पुस्तकं तुम्ही स्वतः वाचून दाखवलीयेत? नुसती यादी नको, पोरांचं काय झालं ते सांगा. दोन, पुस्तकं बहुतेक इंग्लिश असतात आणि मी तिथल्या तिथे मराठीत सांगत जाते, ते फार मचूळ होतं. "तो चालला. मग तो बसला." माझी मलाच झोप येते (आयडी उगाच नाही घेतलेला).

पानगळ:

उरी शुलेविट्झचं 'स्नो' शोधा. १९९८ चं आहे. करडं शहर, एक पोरगा, त्याचा कुत्रा. पोराला बर्फाचा एक कण दिसतो आणि तो म्हणतो बर्फ पडतोय, मोठी माणसं म्हणतात छे, रेडिओ टीव्ही पण म्हणतात नाही पडणार. कणाला ते कुठे माहीत, तो पडतच राहतो, पानागणिक शहर पांढरं होत जातं. शब्द अगदी मोजके. तुमच्या प्रश्नाला हेच बरं पडेल कारण पहिल्याच पानावर सगळं पांढरं नाहीये, एकेक कण साचून पांढरं कसं होतं ते पोराला डोळ्यांनी दिसतं, तोंडाने काही समजवायला लागत नाही.

दोन_पोरांचा_बाबा:

एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' कोणीच कसं सांगितलं नाही अजून. १९६२ चं पुस्तक, १९६३ मधे त्याला कॅल्डेकॉट मेडल मिळालं, अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठी देतात ते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मधे १२५ वर्षं झाली म्हणून हिशोब काढला तेव्हा त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा वाचायला नेलेलं पुस्तक हेच निघालं, ४,८५,५८३ वेळा. म्हणजे मोठ्यांची सगळी पुस्तकं धरून बरं का.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. पीटर नावाचा छोटा पोरगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ, लाल कोट घालून जातो आणि दिवसभर आपल्याआपणच खेळतो. आधी पाय फेंगडे टाकून बघतो, मग आत वळवून, मग पाय फरफटत नेतो, प्रत्येक वेळी खुणा वेगळ्या. काठीने झाडाला मारतो तर वरचा बर्फ धप्पकन डोक्यावर. मोठी पोरं बर्फाचे गोळे मारून खेळत असतात, त्याला कळतं की आपण अजून लहान आहोत. आणि मग संध्याकाळी घरी येताना तो एक गोळा दुसऱ्या दिवसासाठी खिशात भरून ठेवतो. रात्री झोपायच्या आधी खिसा बघतो तर रिकामा. आमचा धाकटा त्या पानावर दर वेळी गप्प होतो आणि मला पान उलटू देत नाही, स्वतः चित्रातल्या खिशावर बोट ठेवून बसतो. बर्फ वितळतो हे त्याला मी सांगितलेलंच नाही, पीटरच्या खिशानेच सांगितलं.

काळं मूल नायक आहे आणि त्याचा कुठे गाजावाजा नाही, ही त्या काळात मोठी गोष्ट होती, अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांकडे असं जवळजवळ नव्हतंच. कीट्सने १९४० मधे मासिकातून एका छोट्या काळ्या पोराचे फोटो कापून ठेवले होते, ते वीसेक वर्षं त्याच्याजवळ होते, त्यातून हा पीटर आला. चित्रं कागद आणि कापड कापून चिकटवलेली आहेत, बर्फाच्या नक्ष्या खोडरबर कोरून ठसे मारलेत आणि कुठे टूथब्रशने शाई उडवलीये. हे वाचल्यावर आम्ही पण घरी टूथब्रश घेऊन बसलो. निळा कागद, पांढरा रंग. भिंत अजून तशीच आहे.

आता मराठीचं. अगं, वाक्याचं भाषांतर करूच नकोस, आवाज कर. आपल्याकडे आवाजांचा काय तोटा आहे का? ताज्या बर्फावर पाऊल पडलं की करकर, फांदीवरून पडला की भुस्सकन, घसरला की सुर्रर्र. मी "तो चालला" म्हणतच नाही, नुसतं करर्र करर्र करत बोटं पानावरून चालवतो. इंग्लिश मजकूर मला वाचायला, पोराला आवाज.

खडूफळा:

वरच्या प्रतिसादाला +१, पण मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की बिनशब्दांचीच पुस्तकं घ्या, भाषांतराचा प्रश्नच मिटला. मी लहान मुलांना शिकवते आणि वर्गात मॅथ्यू कॉर्डेलचं 'वुल्फ इन द स्नो' हमखास चालतं. शाळेतून घरी जाताना वादळात वाट चुकलेली लाल कोटातली मुलगी आणि कळपातून मागे राहिलेलं लांडग्याचं पिल्लू. मजकूर म्हणजे जवळजवळ नुसते आवाज, धापा, भुंकणं, हूऽऽऽ. २०१८ चं कॅल्डेकॉट त्यालाच मिळालं. गंमत अशी की पांढऱ्या पानावर आकृत्या इतक्या छोट्या काढल्यात की मुलं आपोआप पुढे सरकतात, नाक पानाला टेकेपर्यंत. एकजण पुस्तकावरच चढला होता.

दुसरं रेमंड ब्रिग्जचं 'द स्नोमॅन', १९७८ चं, रंगीत पेन्सिलीने काढलेलं आणि एकही शब्द नसलेलं. पोराने केलेला स्नोमॅन रात्री जिवंत होतो, घरात येतो, मग दोघं उडत फिरून येतात. पण शेवट आधी बघून ठेवा हं. सकाळी नुसती टोपी आणि मफलर उरतो. साडेतीन वर्षांच्या मुलीला मी तरी ते शेवटचं पान दाखवणार नाही, दोघं परत येतात तिथेच पुस्तक मिटून टाकीन. आमच्याकडे एकाने रडून वर्ग डोक्यावर घेतला होता.

मऊशाल:

खडूफळा, नाही पटलं. शेवटचं पान लपवायचं म्हणजे मग पुस्तक वाचायचं कशाला? नात चार वर्षांची होती तेव्हा मी पूर्ण दाखवलं. रडली, हो. मग पुढचे आठ दिवस रोज तेच पुस्तक आणि रोज स्वतःच मला सांगायची, "आज्जी, आता तू रडू नकोस हं." लहान मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतं, आपल्यालाच त्यांचं रडणं बघवत नाही. बघ बाई, तुझी लेक तुला ठाऊक. झोपायच्या आधी मात्र नको, दुपारी वाच.

आणि त्याच्यावर १९८२ ची छोटी फिल्म आहे, ती आधी दाखवू नकोस. त्यात सांताक्लॉज घातलाय, पुस्तकात तो नाहीच. पुस्तक शांत आहे.

खडूफळा:

आज्जी, तुमचा मुद्दा घेते. पण घरी मांडीवर एक नात आणि वर्गात पंचवीस मुलं यात फरक आहे हो. एक रडलं की साथ पसरते.

मिठाचा_खडा:

तिचा ट्रेचा प्रश्न फार भारी आहे, तो सोडू नका. ट्रेमधला एक तुकडा फडक्यात गुंडाळून लाटण्याने पार चुरा करा (तुम्ही करा, तिला बघू द्या). मगाशी आरपार दिसणारा बर्फ पांढरा होतो. बारीक बारीक कडांवरून उजेड सगळीकडे उधळला जातो म्हणून तो पांढरा दिसतो, खडीसाखर आरपार आणि तिची पूड पांढरी, तसंच. म्हणजे दोन्हीला बर्फ म्हणणारी आपली भाषा अगदीच काही चुकीची नाही. फरक घडण्यात आहे. गार म्हणजे ढगातला पाण्याचा थेंब गोठून त्यावर थरावर थर बसलेला गोळा, आणि बर्फाचा कण वाफेतूनच थेट स्फटिक होत वाढतो. तो इतका हलका की सेकंदाला साधारण मीटरभर खाली येतो, म्हणजे आपण रमतगमत चालतो ना, तेवढ्या वेगाने. म्हणून लागत नाही डोक्याला, हे सांगा तिला.

पुस्तक म्हणाल तर 'स्नोफ्लेक बेंटली'. विल्सन बेंटली हा अमेरिकेत व्हरमाँटमधला शेतकऱ्याचा पोरगा, १८८५ मधे त्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले. पुस्तकात मेरी अझेरियनची लाकडी ठशांची चित्रं आहेत, १९९९ चं कॅल्डेकॉट. मधे गोष्ट आणि कडेच्या पट्टीत माहिती, त्यामुळे धाकटीला मधलं आणि मोठ्याला कडेचं असं वाचता येतं. एक खेळ पण आहे, घरातल्या बाकीच्या बर्फाच्या पुस्तकांत कणाच्या पाकळ्या मोजायच्या. बर्फाचा कण सहा बाजूंचा असतो, पाण्याचे रेणू गोठताना तशाच षटकोनी जाळीत बसतात. चित्रकार मात्र खुशाल आठ पाकळ्या काढतात. आमच्या मोठीला पुस्तकात आठ पाकळ्या सापडल्या की अक्षरशः दिवाळी.

दोन_पोरांचा_बाबा:

साडेतीन वर्षांच्या पोरीला मायक्रोस्कोप कशाला राव. बर्फ बघून आधी हुरळू तर दे तिला, रेणू काय कुठे पळून चाललेत?

मिठाचा_खडा:

ट्रेचा प्रश्न मी नाही विचारला, तिनेच विचारला :)

उंदीरमामा:

जॅन ब्रेटचं 'द मिटन' कोणी घेतलं नाही का? युक्रेनची लोककथा आहे. पोराला पांढरेच हातमोजे हवेत, आजी म्हणते अरे बर्फात पडला तर दिसणार नाही, आणि पडतोच. मग त्या एका मोज्यात चिचुंदरी, ससा, साळू, घुबड असं एकेक शिरत जातं, अस्वलसुद्धा, आणि शेवटी एक उंदीर अस्वलाच्या नाकावर बसतो नि त्याला शिंक येते. (आयडीचं कारण हेच.) पानाच्या कडेला मोज्याच्या आकाराच्या खिडकीत पुढचा प्राणी आधीच दिसतो, पोरांना ते कळलं की आपल्याला वाचूच देत नाहीत, तेच आधी ओरडतात. आणि "आम्हाला जागा देता का जागा" हे मराठीत काय झकास जमतं, बर्फ समजला नाही तरी अडत नाही.

अवांतर: बोर्डबुक (जाड पुठ्ठ्याच्या पानांचं) घेताना बघून घ्या, काहींत मजकूर छाटलेला असतो. आणि पेंग्विन नि पांढरं अस्वल एकाच बर्फावर गप्पा मारत असतील तर ते पुस्तक मी तरी खाली ठेवतो, एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा, भेटणार कुठे.

मऊशाल:

थोडी मोठी झाली की 'आउल मून' पण वाच. बाप आणि लेकरू हिवाळ्यात रात्री घुबड बघायला रानात जातात आणि बोलायचं नसतं, एवढीच गोष्ट. आमच्याकडे ते पुस्तक नेहमी कुजबुजतच वाचलं जातं, कोणी ठरवलं नव्हतं.

झोपाळू_आई:

सगळ्यांना थँक्यू! दहाबारा दिवसांनी येतेय, सांगायला उशीर झाला. लायब्ररीत 'स्नोई डे' आणि 'मिटन' मिळाली, शुलेविट्झ कोणीतरी नेलंय.

लाटण्याचा प्रयोग केला. चुरा पांढरा झाला तेव्हा तिने एकदा चुऱ्याकडे, एकदा पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाली "थोडाच आहे." मग ट्रे रिकामा करायला लावला. आवाजांची आयडिया तर कमालच, आता घरात करर्र करर्र केल्याशिवाय कोणी बाथरूमला जात नाही.

खिशाचं मात्र अंगाशी आलं. पीटरचा गोळा कुठे गेला हे तिला पटेना, म्हणून स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात बर्फाचा तुकडा घालून खेळायला गेली. परत आली तर खिसा ओला, तुकडा गायब, आणि मी तयारीत बसलेली की आता ही ढसाढसा रडणार. तर रडली नाही. दुसरा तुकडा मागितला, तो पण गेला, मग तिसरा. तीन फ्रॉक वाळत घातलेत. रात्री पुस्तकातल्या त्या पानावर आली आणि पीटरला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, अजून दे."

स्नोमॅन अजून आणलं नाहीये. आज्जी, दुपारीच वाचीन.