मदत हवी आहे: चिखलातून वीज, पण गूळ न घातलेली बरणीच पुढे!

नववीची_आई:
लेकीचं विज्ञान प्रदर्शन महिन्यावर आलंय आणि आमचं घोडं अडलंय. भातखाचरातला चिखल तीन बरण्यांत भरला. जुन्या सेलमधली कार्बनची एक कांडी चिखलात खोल, दुसरी वरच्या पाण्यात. खाली ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू अन्न खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन कांडीला देतात, ते तारेतून वर येऊन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतात, इतपत मला समजलंय. लेकीचा प्रश्न: गूळ वाढवला तर वीज वाढते का? म्हणून पहिल्या बरणीत गूळ नाही, दुसरीत ५ ग्रॅम, तिसरीत १० ग्रॅम.

झालंय उलटंच. पहिलीने पहिल्याच संध्याकाळी ०.९१ व्होल्ट दाखवले! दुसरी आज नवव्या दिवशी ०.४२, तिसरी ०.१७. बाई म्हणतात, गूळ सोडून बाकी सगळं सारखं ठेवा. सारखंच आहे की! काय सुटतंय?

गंजका_खिळा:
जिवाणूंना कांडीवर थर धरायलाच काही दिवस लागतात, बऱ्याचदा आठवडाभर. पहिल्याच संध्याकाळी ०.९१? ही वीज जिवाणूंची नाही. चिखलातल्या कांडीला तार कोणती जोडली आहे?

नववीची_आई:
तांब्याची. थांबा... लेक म्हणतेय, पहिल्या बरणीला तार कमी पडली म्हणून कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा लावला.

गंजका_खिळा:
सापडला चोर! त्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त आणि कार्बन, मध्ये ओलावा. ताई, सेल फोडून कांडी काढलीत आणि बरणीत पुन्हा तोच सेल बनवलात :) तांबंही चिखलाला लागू देऊ नका, जिवाणूंना ते विषारी. जोड ग्लू गनने पूर्ण बंद करा.

ओहम_काका:
आणि मोजता कसं? नुसता मल्टिमीटर लावत असाल तर त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, मग वीज किती हे कळणार कसं? प्रत्येक बरणीच्या दोन तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-लाल पट्टे) कायम जोडून ठेवा आणि त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. ०.२ व्होल्ट आले तर ०.२ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०४ मिलिवॅट. रोज एकाच वेळी. बरण्या कुठे आहेत?

नववीची_आई:
दोन ओट्याखाली. तिसरी मावली नाही, ती खिडकीत. दुपारी तिथे ऊन येतं.

ओहम_काका:
मग तिसरीत गूळही वेगळा, तापमानही वेगळं. कुणाचा परिणाम मोजलात? शिवाय उन्हात पाणी आटतं आणि वरची कांडी उघडी पडते. पाण्याच्या पातळीची खूण करून रोज तेवढंच भरा, नळाचं पाणी भांड्यात रात्रभर उघडं ठेवून, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जाईल. चिखल एकाच बादलीतला, चाळून, कालवून, वजन करून. कांड्यांची चिखलातली लांबी आणि दोघींमधलं अंतर पट्टीने मोजा, अंदाजाने नको.

गुळाचंही सांगतो. तो वरच्या पाण्यात विरघळला की तिथले जिवाणू तो खाताना ऑक्सिजन संपवतात आणि वरची कांडी उपाशी राहते. जास्त गूळ आंबून चिखल आंबटही होतो. १ आणि २ ग्रॅम घ्या, खालच्या चिखलातच कालवा. प्रत्येक मात्रेच्या तीन बरण्या.

नववीची_आई:
नऊ बरण्या! लोणचं काढून ठेवावं लागणार.

गंजका_खिळा:
दहावी राहिली. बिनगुळाचा चिखल कुकरमध्ये शिजवून त्यातले जिवाणू मारा, बाकी मांडणी तीच. पहिले काही दिवस तिथेही व्होल्ट दिसले तर ते धातूचे. काही बीजाणू (जिवाणूंची टणक, सुप्त रूपं) तरी वाचतात आणि पुढे हवेतूनही जिवाणू येतात, म्हणून त्या बरणीचे सुरुवातीचेच आकडे धरा.

नववीची_आई:
काल मांडलं सगळं. नऊच्या नऊ बरण्या जवळपास शून्यावर, आणि लेक पहिल्यांदाच शून्य बघून खूश आहे. दहावी बाकी आहे. जुना कुकर शोधतेय, रोजचा मिळणार नाही असं सासूबाईंनी सांगून टाकलंय.