कोरडी त्वचा आणि जवस: मदत हवी आहे

ठाण्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, दिवसाचे ९ तास एसीत. दोन महिन्यांपासून पोटऱ्या आणि हातांवरची त्वचा पांढरी पडून सोलतेय, रात्री खाज सुटते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलंय. थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. त्यांनी दिलेलं मलम लावतेय, त्यामुळे कृपया क्रीम सुचवू नका.

कढत पाण्याची आंघोळ बंद केली, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावते. याने खरंच फरक पडला. दिवसाला ३ लिटर पाणी पिऊन पाहिलं, त्याने काही झालं नाही.

आता आहाराकडे वळलेय. मी अंडंही खात नाही, म्हणून ओमेगा-३ साठी जवस घ्यायचं ठरवलं. अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं, कुटूनच खावं लागतं. पण कुटून बाहेर ठेवलेलं लवकर खवट होतं, गेल्या वेळचा अर्धा डबा टाकावा लागला, जीव हळहळला. सकाळी ७ ला घर सोडते, रोज कुटणं जमत नाही. शिवाय मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे शेंगदाणा घरात येतच नाही.

शेंगदाण्याशिवाय, तीळ-कढीपत्ता घालून जवसाची चटणी कोणी करतं का? प्रमाण काय घेता, आणि फ्रीजमध्ये ती किती दिवस चांगली राहते?