मदत हवी आहे: रोटरीच्या भाषण स्पर्धेसाठी लेकीने निवडलेला विषय ठेवावा की बदलावा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

लेक इथे टेक्सासमध्ये दहावीत आहे. आम्ही डॅलसच्या एका उपनगरात राहतो. इथला रोटरी क्लब हायस्कूलच्या मुलांसाठी फोर-वे टेस्टवर भाषण स्पर्धा घेतो. विषय मुलांनीच निवडायचा, मात्र तो रोटरीच्या चार प्रश्नांवर पारखून दाखवायचा. ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी ते प्रश्न, म्हणजेच फोर-वे टेस्ट, देते. आपण जे मनात आणतो, बोलतो किंवा करतो ते सत्य आहे का? संबंधित सर्वांना न्याय्य आहे का? त्यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? आणि ते संबंधित सर्वांच्या हिताचं आहे का?

आमच्या क्लबचे नियम साधे आहेत. वेळ 5 ते 7 मिनिटं, भाषण स्वतः लिहिलेलं हवं, हातात कागद नको. इथे जिंकली तर पुढे रोटरीच्या डिस्ट्रिक्टची (अनेक क्लब मिळून होतो तो विभाग) फेरी.

आता खरी अडचण. इथे कॉलेजच्या अर्जात मुलं स्वयंसेवेचे तास दाखवतात, शाळेच्या ऑनर सोसायटीलाही (चांगल्या विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था) ते लागतात. लेकीने गणेशोत्सवात एका मंडळात काम केलं आणि स्वतःच्या वहीत नोंद ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी 6 ते 9 खुर्च्या आणि मखर, शनिवारी 9 ते 3 पार्किंग, रविवारी 9 ते 5 महाप्रसादाची पंगत. बेरीज 17 तास. नंतर मंडळाकडून पत्र आलं त्यात 40 तास. चौकशी केली तर कळलं की सगळ्याच मुलांना 40 लिहून दिलेत, फक्त आरतीपुरता आलेल्या मुलालासुद्धा. तिने फोन करून दुरुस्त करून मागितलं, तर पलीकडचे काका म्हणाले, "राहू दे गं बाळा, तुझ्या फायद्याचंच आहे." तिने शाळेच्या अर्जात 17 च लिहिले आणि पत्र जोडलंच नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

आता तिला भाषण याच विषयावर करायचं आहे, आणि मला तीन गोष्टींची काळजी आहे. एक तर श्रोत्यांत मंडळातली माणसं असू शकतात, तिच्या दोन मैत्रिणी तर आत्ताच फुगून बसल्यात. दुसरं म्हणजे तिचा मसुदा मला सपाट वाटतो. सत्य आहे का? नाही. न्याय्य आहे का? नाही. तिसऱ्याला नाही, चौथ्याला नाही. चार परिच्छेद, चार नकार. आणि तिसरं, सुरुवात तिने हे चार प्रश्न लिहिणाऱ्या हर्बर्ट टेलरच्या गोष्टीने केली आहे. अशी भाषणं चाळताना दिसलं की बरीच मुलं तेच करतात. तुमच्यापैकी कुणी अशा स्पर्धेला मुलं उतरवली असतील किंवा परीक्षण केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

गोदाकाठ

सोनचाफा ताई, विषय अजिबात बदलू नका. मी नाशिकला शिक्षिका आहे, आमच्या शाळेतला इंटरॅक्ट क्लब (रोटरीचा 12 ते 18 वयाच्या मुलांसाठीचा) माझ्याकडे आहे. वक्तृत्वाला मुलं प्लास्टिक, मोबाईलचे दुष्परिणाम, वृक्षारोपण असे विषय आणतात. विषय वाईट नाहीत, पण चारही प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्याला शेवट कळतो. तुमच्या लेकीकडे अनुभवातून आलेला विषय आहे. असा विषय मिळावा म्हणून आम्ही मुलांच्या मागे लागतो.

मसुदा सपाट होण्याचं कारण मला असं दिसतं की तिने चारही उत्तरं निकाल लागल्यावर लिहिली आहेत. खोटं पत्र तिसऱ्या प्रश्नाला आणून बघा. मंडळ खूश, मुलं खूश, आईबाप खूश. सद्भावना आणि मैत्री दोन्ही वाढली! चौथ्यालाही वरवर बघता उत्तर होकारार्थीच येतं, त्या काकांनी "तुझ्या फायद्याचं" म्हटलंच आहे. म्हणजे दोन प्रश्नांत ते पत्र पास होतंय आणि पहिल्यात सपशेल नापास. हा पेच तिने लोकांसमोर मांडावा आणि थोडा वेळ तसाच राहू द्यावा. घाईने सोडवू नये.

मग "संबंधित सर्व" म्हणजे नेमकं कोण, इकडे वळावं. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत ते शब्द आहेत ते उगाच नाहीत. ज्या मुलाने खरोखर 40 तास राबून काढले तो संबंधित आहे की नाही? त्याच्या पत्राची किंमत आरतीला डोकावून गेलेल्या मुलाच्या पत्राइतकीच झाली. दुसऱ्या शाळेतली, हिला कधीच न भेटणारी एक मुलगी फूड बँकेत डबे रचते आणि खरे तास लिहिते, ती संबंधित आहे की नाही? पुढच्या वर्षी त्याच मंडळाचं पत्र वाचणारे समुपदेशक? हे सगळे खोलीत नसतात म्हणून मोजले जात नाहीत. भाषणाचा गाभा इथे आहे असं मला वाटतं.

---

दिवाकर_ओहायो

गोदाकाठ यांच्याशी सहमत. मी इथे क्लब पातळीवर परीक्षक म्हणून बसलो आहे, म्हणून टेलरबद्दल लिहितो.

मुलं सांगतात ती गोष्ट अशी: 1932 साल, मंदी, शिकागोची क्लब अ‍ॅल्युमिनियम ही भांड्यांची कंपनी बुडायला आलेली, 4 लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज. हर्बर्ट टेलरने ती हाती घेतली, चार प्रश्न लिहिले, कंपनी सावरली. 1943 मध्ये रोटरीने प्रश्न स्वीकारले, 1954-55 मध्ये टेलर रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. यातलं सगळं खरं आहे, पण समोर बसलेल्या रोटरीवाल्यांना ते पाठ असतं. 7 मिनिटांतलं दीड मिनिट त्यांना माहीत असलेलं सांगण्यात घालवणं परवडत नाही. आणि त्यातून असा अर्थ निघतो की खरं बोललं की धंदा चालतो. मग जिथे खरं बोलून तोटा होतो तिथे काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

तुमच्या मुलीच्या विषयाला टेलरच्या आयुष्यातल्या कमी सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी चपखल बसतील. टेलरने प्रश्न लिहून टेबलावरच्या काचेखाली ठेवले आणि दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी स्वतः वापरून पाहायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी समोर येणारा प्रत्येक कागद "हे सत्य आहे का?" या एकाच प्रश्नाला लावला, आणि कंपनीच्या पत्रांत, पत्रकांत, जाहिरातींत इतकं असत्य सापडलं की प्रश्नांचा तो कागदच केराच्या टोपलीत टाकावासा वाटला, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढे कंपनीच्या जाहिरातींतून "उत्तम", "सर्वोत्कृष्ट", "जगातलं सर्वांत चांगलं" असले शब्द काढून टाकले आणि भांडं कसं आहे एवढंच लिहू लागले. प्रतिस्पर्ध्यांवरची टीकाही गेली.

दुसरी गोष्ट ऑर्डरची. कंपनी अजून तंगीतच होती आणि 50,000 भांड्यांची मागणी येऊ घातली होती. पण घेणारा ती पडेल भावाने विकणार असं कळलं. जे दुकानदार इतके दिवस यांचा माल नेटाने विकत होते त्यांच्यावर तो अन्याय झाला असता. ऑर्डर नाकारली.

काही नोंद नसताना पत्रात 40 चा आकडा लिहिणं आणि भांड्याला "जगात सर्वोत्कृष्ट" म्हणणं एकाच जातीचं आहे. तिने टेलरला सुरुवातीला आणण्याऐवजी मध्यावर, पेच पडल्यावर आणावं. दोन-तीन वाक्यांत ऑर्डरची गोष्ट सांगून लगेच स्वतःच्या 17 तासांकडे परत यावं.

---

मंडळवाला_एनजे

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मी न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलं आहे. हॉलचं भाडं, विमा, अग्निशमनाची परवानगी, मूर्ती, शंभर कटकटी असतात आणि सगळे नोकरी सांभाळून करतात. मुलं येतात-जातात, कोण किती वेळ थांबलं हे टिपायला एक माणूस मोकळा नसतो. मग शेवटी सगळ्यांना एकच आकडा दिला जातो. हे चूक आहे हे मान्य, पण त्यात कुणाचा लबाडीचा हेतू असेलच असं नाही. आपलीच मुलगी अमेरिकन लोकांसमोर उभी राहून गणपतीच्या मंडळाबद्दल असं बोलली तर वर्षभर राबणाऱ्या माणसांना काय वाटेल? त्यांनाही न्याय्य असायला हवं ना? तिने आधी कार्यकारिणीला लेखी कळवलं आहे का?

---

सोनचाफा

मंडळवाला दादा, राग कसला, तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. हो, फोननंतर तिने समितीला ईमेल लिहिला होता. भाषेत तक्रार नव्हती, तास दुरुस्त करून मिळावेत एवढंच होतं. उत्तर आलं नाही.

पण तुम्ही म्हणता ते तिला वाचून दाखवलं आणि ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की चार प्रश्न माझ्या भाषणालाही लागू व्हायला हवेत. तिला आता प्रश्न पडलाय तो असा: मंडळाचं नाव घ्यायचं नाहीच, पण गणेशोत्सव होता हे तरी सांगायचं का? लपवलं तर पहिल्या प्रश्नाला ती स्वतःच अडते, सांगितलं तर तिसऱ्याला.

---

गोदाकाठ

मुलगी विचार करते आहे, छान वाटलं वाचून. उत्सव कुठला होता हे सांगावं असं मला वाटतं, कारण तो तिचा आहे आणि तिने तिथे प्रेमाने काम केलं. मात्र फोनवरचे काका नकोत. त्यांचं वाक्य भाषणात घेतलं की ऐकणारे त्यांच्यावर रागावतात आणि प्रश्न बाजूला राहतो. तिने बोलावं ते फक्त तिच्या नावाच्या पत्राबद्दल. त्यावर तिचा पूर्ण हक्क आहे. बाकी मुलांच्या पत्रांबद्दल, आरतीपुरत्या आलेल्या मुलाबद्दल एक शब्दही नको. मैत्रिणींना न दुखावण्याचाही हाच मार्ग आहे.

आणि पंगतीचं वर्णन भरपूर येऊ द्या. वाढताना हात कसे भरून आले, वरण सांडलं तेव्हा काय झालं, रविवारी संध्याकाळी पाय कसे दुखत होते. ते 17 तास ऐकणाऱ्याला दिसले की 40 हा आकडा पोकळ आहे हे तिला सांगावं लागणार नाही.

---

मंडळवाला_एनजे

हे पटलं. मग मीही एक भर घालतो. तक्रारीवर थांबू नका, उपाय सांगा. आमच्याकडे नंतर आम्ही प्रत्येक कामाच्या टेबलाशी एक तक्ता ठेवायला लागलो. मुलाने आल्याची आणि गेल्याची वेळ स्वतः लिहायची, त्या टेबलाच्या प्रमुखाने सही करायची. पत्र त्या तक्त्यावरून. वेगळा माणूस लागत नाही. तिने भाषणात असं काही सुचवलं आणि पुढच्या उत्सवात तो तक्ता सांभाळायची जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली, तर मंडळातली माणसंही मान डोलावतील. तिसरा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने सुटेल.

---

दिवाकर_ओहायो

उत्तम सूचना. सादरीकरणाबद्दल थोडं लिहून थांबतो.

7 मिनिटांसाठी 900 शब्द लिहू नका. घरात मुलं भरभर बोलतात, व्यासपीठावर हशा, टाळ्या, श्वास यात वेळ जातो. 750-800 शब्द पुरेत, घरी सव्वासहा मिनिटांत संपायला हवं. वेळ ओलांडल्याचे गुण कापले जातात, आणि चांगलं भाषण त्यात मागे पडलेलं मी पाहिलं आहे.

वाक्य न् वाक्य पाठ केलं की एक शब्द निसटताच सगळं अडतं. परिच्छेद जिथे जुळतात ते सांधे पक्के करावेत, मधलं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. चार प्रश्न मात्र शब्दशः पाठ हवेत, रोटरीवाले सभांमधून ते म्हणतात, एक शब्द चुकला तरी त्यांच्या कानाला लागतो. आणि "आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते" अशी वाक्यं काढून टाका. ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

---

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिने भाषण नव्याने लिहिलं. टेलर मध्यावर गेला, तोही फक्त ऑर्डरपुरता. सुरुवात अशी केली आहे (मराठीत सांगते): "माझ्या नावाचं एक पत्र घरी आहे. त्यात माझं खूप कौतुक आहे, खाली सही-शिक्का आहे, आणि त्यातला एक आकडा खरा नाही. तो कुणाला कळणार नव्हता, आणि तो खरा मानला असता तर माझं भलंच झालं असतं." मग थेट पंगत. वरण सांडल्याचंही आलं आहे.

मैत्रिणींना तिने आधीच वाचून दाखवलं. एक निवळली, दुसरी अजून बोलत नाही. त्याचं तिला वाईट वाटतंय, पण विषय बदलायचा नाही म्हणते, आणि आता मीही तिच्या बाजूने आहे.

मंडळवाला दादा, तुमच्या तक्त्याचा नमुना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? तिला तो समितीला पाठवायचा आहे, स्पर्धेच्या आधी. आणि गोदाकाठ ताई, तुम्हाला जमणार असेल तर शनिवारी तुमच्या रात्री, आमच्या सकाळी, तिला व्हिडिओ कॉलवर एकदा ऐकाल? घरातल्यांसमोर ती फार भरभर बोलते, अनोळखी माणसासमोर कशी बोलते ते बघायचं आहे.